पीळ

केसपेपरवर लिहून आलं : पोटात दुखतंय.
यतीन कासारे, वय चौदा, कन्नमवार नगर.
सकाळचे सहा पस्तीस.
आई सांगत होती, परवा हळदीला जेवला
तेव्हापासनं पोट बरं नाही,
ओवा दिला, रात्री दोनदा ओकला.
इंटर्नने गोळ्या लिहून कागद सरकवला
आणि मी सही करणारच होते.

पण मुलगा बसत नव्हता.
बाक रिकामं, तरी भिंतीला टेकून उभा,
शाळेचं दप्तर पुढ्यात धरून.
इस्पितळात दप्तर कशाला आणलंय यानं?

पोट दाबलं. मऊ.
"इथे? इथे?" नाही, नाही.
"मग कुठे?"
तो पोलिओच्या पोस्टरकडे बघत राहिला.

या जागेला आपल्याकडे नाव नाही.
म्हणजे आहेत, नाक्यावर ढिगानं आहेत,
पण शिवीत चालणारा शब्द दुखण्यात चालत नाही.
एक पुस्तकातला आहे, वृषण.
तो धडा बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता,
हे त्यानं मला नंतर सांगितलं.

आईला बाहेर बसवलं.
"जेन्ट्स डॉक्टर नाहीत?"
"आहेत. आठला येतात.
तुझ्याकडे आठपर्यंत वेळ आहे का, तेच बघायचंय.
कधीपासून?"
"माहीत नाही."
मग दप्तरातून फोन काढला, काच तडकलेला,
आणि माझ्यासमोर धरला.
हा माळ्यावर झोपतो. आई खाली, चार फुटांवर.

१:१२  झोपलीस का
१:१४  काही नाही
३:४०  आई
५:५१  पोटात नाही. खाली दुखतंय. बाबांना नको सांगू

एक बारा. बोटांवर मोजलं.
साधारण सहा तास मिळतात.
पाच तास तेवीस मिनिटं गेली होती.

पडद्याआड मिनिटभराची तपासणी,
शेजारी वॉर्डातले भोईटेमामा, छताकडे बघत.
एक बाजू वर ओढलेली, हात लागू देईना.
सोनोग्राफीची खोली नऊला उघडते.
नुसता जंतुसंसर्गही असेल, असं पुस्तक म्हणतं,
आणि पुस्तक खोटं नाही.
पण चुकायचंच तर टाके घालून चुकावं,
वाट बघून नको.
गेल्या वर्षीचा तो मानखुर्दचा,
तीन दिवस मुतखड्याच्या गोळ्या खाऊन आलेला.
"याचं लग्न होईल ना?" बाप मला विचारत होता
आणि मुलगा ऐकत होता.

"पीळ पडलाय," मी आईला म्हटलं.
"आतड्याला?"
"नाही हो."
तिचा हात मात्र स्वतःच्याच पोटावर गेला.
बाप आला, नाइट ड्यूटीचा, वॉचमनच्या कपड्यांत.
सही करताना एकदाच म्हणाला,
"मला का नाही सांगितलं?"
उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्यानंही थांबून पाहिलं नाही.

दीड वेढा.
पान उलटावं तसा बाहेरच्या बाजूला उलगडला.
आतलं पिकल्या जांभळाच्या रंगाचं.
कोमट ओल्या गॉजमध्ये गुंडाळलं
आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
आम्ही पीळ काढून,
सुंभ जळालाय का ते बघत उभे.
दहा मिनिटं कुणी बोललं नाही. एसी गळत होता.
सात बावन्नला सिस्टर परेरा म्हणाल्या, "मॅडम, ती कड."
दिव्याचा भास असेल म्हणून मी दिवा हलवला.
कड गुलाबीच होती.

संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा
आई डबा आणायला गेलेली.
बाप स्टुलावर, मुलगा भिंतीकडे तोंड करून,
दोघांत हातभर अंतर.
बाप एका बोटानं फोनवर काहीतरी शोधून शोधून टाइप करत होता.
उशाशी यतीनचा फोन थरथरला.
बाबा : दुखते का
त्यानं वळून पाहिलं नाही.
थोडं, त्यानं लिहिलं,
आणि मग, बऱ्याच वेळानं :
खालीच.